बनुबाईची पंधरा महिन्यांची सरपंचकी

गावाचं नाव मी लिहीत नाही. सांगलीहून कृष्णेच्या काठाने वर गेलं की उसात बुडालेली गावं लागतात, त्यांतलं एक, एवढं पुरे. बाकी सगळं तारखेनिशी लिहिते. पाचगणीच्या शाळेत असल्यापासून मी रोजनिशी ठेवते, त्यामुळे तारखा माझ्याजवळ आहेत. त्या असण्याचीच भीती वाटावी असे दिवस म्हातारपणी येतील असं मात्र वाटलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर २०२२, बुधवार. दुपारी चारच्या सुमारास आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या अंकिताबाई आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, माहेर वडूजचं, नवरा फौजेत आणि सरहद्दीवर. इथे तीन वर्षं एका खोलीत एकट्या राहतात. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काकू, बनुबाई या गावच्या सरपंच होत्या का हो?"

मी म्हटलं, "चहा घेणार ना?"

"घेते. पण होत्या का?"

मी उठून दार ओढून घेतलं. रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी ओढलं.

अंकिताबाई साताऱ्याला एका प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामपंचायतीचा धडा आहे. त्याला जोडून प्रत्येक शिक्षकाने आपल्या भागाची एक छोटी पुस्तिका करायची होती. राजकारणात वावरलेली, पण कुठल्याच पाटीवर नाव नसलेली माणसं शोधून मुलांपुढे ठेवायची. म्हणून त्या वर्ग घेऊन पंचायतीच्या कार्यालयात गेल्या आणि भिंतीवरची सरपंचांची यादी मुलांना उतरवून घ्यायला सांगितली. यादीत १९९७ ते २००२ पुढे गावचे पुढारी दादासो यांचं नाव होतं आणि कंसात 'प्रभारी'. वर्गात परतल्यावर प्रांजल नावाची मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, तवा माझी आजी सरपंच हुती." सगळा वर्ग हसला. प्रांजलने शेजारच्या मुलाच्या डोक्यात कंपासपेटी घातली.

"मग मी बनुबाईंच्या घरी गेले," अंकिताबाई म्हणाल्या. "त्यांनी दारातूनच सांगितलं, पोरगी खुळी हाय, तुमी जावा. आणि कडी लावली. काकू, त्या मला भ्यायल्या. मला कोण भितं हो? माझे विद्यार्थीसुद्धा भीत नाहीत."

"तुम्हाला नाही भ्यायली," मी म्हटलं.

त्या महिन्यात जिल्हाभर गायरानावरची घरं काढायच्या नोटिसा लागत होत्या. गावच्या ओढ्यापलीकडे होलार समाजाच्या वस्तीची अकरा घरं गायरानात आहेत, त्यांतलं तिसरं बनुबाईचं. अकराही दारांवर कागद चिकटले होते. घरं किती जुनी, याबद्दल पंचायत जे लिहून देईल त्यावर तहसीलदार ठरवणार होते, आणि सरपंच होती दादासोंची सून रेश्मा. दादासोंनी वस्तीवर निरोप धाडला होता: गप बसा, मी बघतो. बनुबाईला वेगळा निरोप होता: तू जुनं काही उकरलंस तर मग माझ्या हातात काही राहणार नाही.

म्हणजे बनुबाई बोलली तर घर जाणार. तिचंच नाही, अकराही.

अंकिताबाईंना मी एवढंच सांगितलं की हो, होती. पंधरा महिने. पुढचं सांगायला मला तीन आठवडे लागले.

बनुबाई मूळची जत तालुक्यातली, कर्नाटकाच्या वेशीवरची. आईला अजूनही अव्वा म्हणते. वडील लग्नकार्यात सनई वाजवायचे. वाजंत्र्यांचं जेवण मांडवाबाहेर, सगळ्यांचं उरकल्यावर. बनुबाई सांगायची, "आमी सनईच्या आवाजावर वळकायचो, बाबाला भूक लागलीया का न्हाई." पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती या गावात आली. नवरा उसाच्या टोळीत. तो दारूने गेला तेव्हा पदरात जोतिबा तीन वर्षांचा होता. तेव्हापासून ती आमच्या दवाखान्यात झाडलोट करायची, ड्रेसिंगच्या पट्ट्या उकळायची. माझे यजमान डॉ. जिनदत्त म्हणायचे की हिच्या हाताला कंपाउंडरपेक्षा जास्त अक्कल आहे. ती कमी बोलायची. बोललीच तर समोरच्याला दोन दिवसांनी लागायचं असं बोलायची.

१९९७ च्या निवडणुकीत सरपंचपद अनुसूचित जातीच्या स्त्रीसाठी राखीव झालं. ३ ऑक्टोबरला दादासो दवाखान्यात आले. डॉक्टरांना म्हणाले, "आवं, तुमची ती बनुबाई द्या आमाला. गरीब हाय, बोलत न्हाई, आनि दवाखान्यात असल्यानं स्वच्छ बी हाय."

डॉक्टर म्हणाले, "मला काय विचारता? ती समोर उभी आहे."

दादासोंनी वळून पाहिलं. "काय गं बने, हुतीस का सरपंच?"

बनुबाई म्हणाली, "झाडू कुटं ठिवू?"

सगळे हसले. दादासोही. तिने ते विनोदाने म्हटलं नव्हतं हे मला रात्री लिहिताना कळलं.

२६ नोव्हेंबरला ती सरपंच झाली. राखीव जागेवर निवडून आलेली ती एकटीच, त्यामुळे दुसरं कुणी होणं शक्यच नव्हतं. दादासो उपसरपंच. पहिल्या सभेला ती कार्यालयात गेली आणि सवयीने दाराजवळ खाली बसली. कुणी वर बस म्हटलं नाही. दुसऱ्या सभेलाही तसंच. तिसऱ्या सभेला तिने घरून पोतं नेलं, खुर्चीवर अंथरलं आणि त्यावर बसली. नंतर मला म्हणाली, "खुर्ची बाटली म्हनायला नगं कुनी. पोतं माजं हाय."

ग्रामसेवक प्रोसिडिंग बुक घेऊन अंगठ्यासाठी दवाखान्यात यायचा. सभा झाल्यावर ठराव लिहायचे आणि सरपंचाचा अंगठा घ्यायचा, अशी रीत. पण अंगठा घेताना वरचं पान कोरं असायचं. दोनदा तिने दिला. तिसऱ्यांदा पदराला बोट पुसत म्हणाली, "वर लिवा आदी. कोऱ्या कागदाला अंगठा आमच्यात मेलेल्या माणसाचा घेत्यात." ग्रामसेवक खाटेवर बसून तासभर लिहीत राहिला. डॉक्टरांनी त्याला दोनदा चहा पाठवला.

त्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "वैनी, मला सही शिकवा."

शाळेत नन्सनी आम्हाला जसं गिरवायला लावलं होतं तसंच मी तिला लावलं. चाररेघी वही, मी ठिपके काढायचे, तिने जोडायचे. बत्तीस-तेहतीस वर्षांची बाई, पट्ट्या उकळत ठेवून पाटावर बसायची आणि जीभ दातांत धरून 'बनुबाई' लिहायची. 'ब' चं पोट कधी फुगायचं, कधी खपाटीला जायचं. वर्ष लागलं. मधल्या काळात ती सभा चालवत होती, अंगठाच देत होती आणि दर वेळी वरचं कुणाकडून तरी वाचून घेत होती.

२६ जानेवारी १९९९ च्या ग्रामसभेत तिने एक विषय मांडला. वस्तीची अकरा घरं पंचायतीच्या नोंदवहीत घ्यावीत. घरं तिथे वीस वर्षांपासून होती, पण कागदावर नव्हती. विरोध झाला नाही, कारण विरोध करायचं कुणी ठरवून आलं नव्हतं. झेंडावंदन होऊन गेलेलं, लोकांना घरी जायचं होतं. ठराव मंजूर झाला. ग्रामसेवकाने तिच्यासमोर लिहिला आणि तिने खाली अंगठा दिला.

त्यानंतर चौदा दिवसांनी केलेली नोंद अशी आहे:

'९ फेब्रुवारी १९९९, मंगळवार. सकाळी दादासो व ग्रामसेवक घरी आले. बनुबाई आता सही करते म्हणून बँकेत अंगठ्याऐवजी नमुना सही द्यायची आहे. दोन साक्षीदार लागतात. बनुबाईने चार ठिकाणी सह्या केल्या, एकही चुकली नाही. मी साक्षीदार म्हणून केल्या. पेढे वाटले. आजचा दिवस फार चांगला.'

कागदांचा गठ्ठा होता. वरचा बँकेचा फॉर्म मी वाचला, पूर्ण वाचला. खालचे ग्रामसेवक बोटाने नुसते कोपरे उचलून दाखवत होता. "हितं, मॅडम. आनि हितं." त्या वेळी मी बनुबाईकडे बघत होते. तिच्या 'ई' चं वळण त्या दिवशी फार सुरेख आलं होतं.

खालचा एक कागद तिचा राजीनामा होता. त्यावर तारीख २० जानेवारीची. म्हणजे २६ जानेवारीची ग्रामसभा राजीनामा दिलेल्या बाईने घेतली असं झालं, आणि त्या ठरावावर लाल शाईत शेरा पडला: ग्राह्य नाही. ती जोवर अंगठा देत होती तोवर तिला कुणाकडून तरी वाचून घ्यायची सवय होती. आता वाचायला नाही, पण सही करायला शिकली होती; मग वाचून कोण मागणार? आणि मी समोर असताना तिने कशाला मागावं?

१८ फेब्रुवारीला तालुक्याचे एक अधिकारी राजीनाम्याची खात्री करायला आले. पंचायतीच्या व्हरांड्यात पंचवीसेक माणसं. बायका मागे, त्यांत मी. अधिकाऱ्यांनी कागद पुढे धरून विचारलं, "ही सही तुमची?"

बनुबाईने कागद जवळ घेतला. "व्हय. माजीच."

"राजीनामा तुम्ही स्वखुशीने दिलात?"

तिने मान वळवली आणि मागे बघितलं. अधिकाऱ्यांनी साक्षीदारांची नावं वाचली, त्यांत माझं. डॉक्टरांचा दवाखाना दादासोंच्या चुलत्यांच्या जागेत होता. मुलगा धवल बारावीला होता. या गावात आम्ही दोन-चारच जैन घरं. हे सगळं मी त्या दोन मिनिटांत मनात मोजून घेतलं. अधिकारी म्हणाले, "बाई, गप्प म्हणजे हो असं धरू का?" आणि त्यांनी तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी दवाखान्यात आली आणि पट्ट्या उकळायला ठेवल्या. त्यावर आम्ही तेवीस वर्षं बोललो नाही.

हे सगळं मी ६ डिसेंबर २०२२ ला अंकिताबाईंना सांगितलं आणि वही दाखवली. त्यांनी मोबाइलवर एक फोटो उघडला. नवीन ग्रामसेवकाने मुलांच्या उपक्रमासाठी म्हणून जुनी प्रोसिडिंग बुकं मोकळेपणाने काढून दिली होती, आणि त्यांत त्या ठरावाचं पान होतं. अकरा घरं, अकरा नावं, बनुबाईचा अंगठा, वर लाल शेरा.

"काकू, घरं १९९९ मध्ये होती याचा हाच तर पुरावा," त्या म्हणाल्या. "आणि राजीनाम्याची तारीख खोटी, याचा पुरावा तुमच्या वहीत."

"माझ्या वहीत मी सही केल्याचंही आहे."

"तुम्हाला फसवलं होतं."

"मला कुणी नाही फसवलं. मी वाचलं नाही."

त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला. जाताना पायरीवर थांबून म्हणाल्या, "शाळेत शिकवताना मी पोरांना सांगते, इतिहास म्हणजे पुरावे. पुरावा समोर बसून चहा देतो असं कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं."

गावात बातमीला पाय लागत नाहीत. ९ तारखेला दादासो आले. आता सत्तरीचे, गुडघे धरलेले, पण आवाज तोच. हातात कारखान्याच्या साखरेची पिशवी.

"दिवाळीची राहिली हुती, वैनी. डॉक्टर असताना न चुकता धाडायचो."

"बसा."

"बसतो. ह्या मास्तरीणबाई लय चांगल्या हायत बगा. उत्साही. उत्साही माणसाला जतचं हवापानी लय मानवतंय. तिकडं मास्तर कमी पडत्यात म्हनं."

त्यांनी कपाटाकडे नजर टाकली.

"आनि तुमच्या त्या वह्या. एवड्या वरसात वाळवी लागली आसंल की."

"नाही. कडुलिंबाचा पाला घालते मी."

"मग एकदा बंबात घाला. डिसेंबरची थंडी हाय." ते हसले. मग हसू पुसून म्हणाले, "त्या कागदावर तुमची सही हाय, वैनी. बनीला फसवलं म्हनशिला, तर पयल्यांदा तुमी फसवलं. शिकलेल्या तुमी. मी आपला सातवी नापास."

साखरेची पिशवी ठेवून ते गेले. मी दोन्ही दारांना कड्या लावल्या. धवलला पुण्याला फोन लावला आणि काही न सांगता ठेवून दिला. दोन दिवस घराबाहेर पडले नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पोलीस दारात आले तर काय घालून जायचं, याचा मी विचार केला. हे लिहायला लाज वाटते, पण केला.

१२ डिसेंबर, सोमवारी सकाळी मी ओढा ओलांडून वस्तीवर गेले. इतक्या वर्षांत मी तिच्या घरी कधी गेले नव्हते. तीच आमच्याकडे यायची. सिमेंटच्या विटांच्या दोन खोल्या, वर पत्रा, पत्र्यावर वाऱ्यासाठी दगड. दारावर नोटिशीचा कागद, एक कोपरा सुटलेला. बनुबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. मला बघून तिने आधी माझ्या मागे रस्त्यावर नजर टाकली.

"कुनी बगितलं न्हाई ना?"

"बघितलं असेल."

"मग आत या."

मी बसले आणि सगळं एका दमात सांगितलं. की त्या कागदांत राजीनामा होता, की मी वाचला नाही, की १८ तारखेला मी मागे बसून गप्प राहिले.

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मला ठाव हाय की."

"काय ठाऊक आहे?"

"तुमी वाचलं न्हाई त्ये. तुमी कागदाकडं बगतच न्हवता. माज्या हाताकडं बगून हसत हुता. म्हनून मी बी हसले."

"मग त्या साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? सही माजी न्हवं म्हनू? वरीसभर गिरवली ती. पयल्यांदाच कुनीतर इचारलं, ही सही तुमची का. न्हाई म्हनवंना." भाकरी तिने निखाऱ्यापुढे टेकवली. "त्याच्या म्होरं त्यानं इचारलं तवा मागं बगितलं. मला वाटलं, तुमी उठशिला."

चुलीत काटकी तडतडली.

"उठले नाही," मी म्हटलं.

"न्हाई उठला." तिने ते रागाने म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मग मी तिला ठरावाच्या पानाचं सांगितलं. ते पान, माझी रोजनिशी आणि माझा लेखी जबाब तहसीलदारांपुढे ठेवता येईल. पण मी लिहून दिलं, की तिलाही विचारतील. आणि तिने तोंड उघडलं की दादासोंचा शब्द संपला.

बनुबाईने पुढचा गोळा हातात घेतला. बाहेर कुणाच्या तरी मोटारसायकलचा आवाज आला तशी तिने पिठाचा हात तसाच धरला आणि आवाज पुढे जाईपर्यंत थांबली. "बगा," ती म्हणाली, "हे आसं. तेवीस वर्सं हे आसंच चाललंय. फटफटी आली की काळजात धस्स. जोतिबाला कारखान्यात लावला तवा वाटलं, काडून टाकत्याल. नातीचं नाव शाळंत घातलं तवा वाटलं, पास करत न्हाईत. मी काय केलतं, वैनी? अकरा घरं लिवा म्हनलं. तेवडंच."

"मग आता काय करायचं?"

"गप बसून घर ऱ्हाईल का?"

"मला नाही वाटत."

"मला बी न्हाई. आज पोरगी वर्गात बोलली म्हनून त्यास्नी निरोप तरी धाडावा लागला. उद्या पोरगी बी गप बसली तर निरोप धाडायची बी गरज न्हाई." ती उठून उभी राहिली. "तुमी लिवा. पर हापिसात नंतर. पयल्यांदा मी शाळंत बोलनार. हापिसात इचारलं आनि माजं तोंड परत मिटलं तर? पोरांम्होरं एकदा बोलून बगते. एकदा बोलले की मग मिटायचं न्हाई."

मला हे अजिबात सुचलं नसतं.

२२ डिसेंबर, गुरुवार. सकाळी साडेदहा. सहावीच्या वर्गात एकतीस मुलं, मागच्या भिंतीला खुर्चीवर मी. अंकिताबाईंनी फळ्यावर 'ग्रामपंचायत' लिहिलं होतं आणि खडू दोनदा त्यांच्या हातून पडला. खिडकीबाहेर दादासोंचा गुंडा नावाचा पुतण्या मोटारसायकलवर बसून होता. मोबाइल हातात आणि त्याचा डोळा वर्गाकडे. अंकिताबाई खिडकी लावायला निघाल्या तर बनुबाई म्हणाली, "ऱ्हावू द्या. उकडतंय." डिसेंबर होता.

खुर्ची दिली तरी ती बसली नाही. टेबलाची कड धरून उभी राहिली. ती पोत्याचं बोलली, झाडूचं बोलली. मुलं हसली. मुलांनी विचारलं, सरपंचाला पगार असतो का, गाडी असते का, झेंडा वर जाऊन अडकला तर काय करतात. तिने सगळ्यांना उत्तरं दिली. प्रांजल पहिल्या बाकावर मान खाली घालून बसली होती.

मग मधल्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "आजी, मग तुमी राजीनामा का दिला?"

अंकिताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. गुंड्याने मोबाइल थोडा वर उचलला. मला वाटलं, आता ती पुन्हा माझ्याकडे बघेल. मी खुर्चीचे हात धरून उठून उभी राहिले.

तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"म्या दिला न्हाई," बनुबाई म्हणाली. "त्यांनी बँकंचा कागद म्हनून सही घेतली. मला वाचाय येत न्हवतं. ज्यांना येत हुतं त्यांनी वाचला न्हाई. त्या मागं उब्या हायत. त्यास्नी इचारा."

एकतीस मुलं माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "खरं आहे. मी वाचला नाही. आणि नंतर विचारलं तेव्हा बोलले नाही."

"का?" त्याच मुलाने विचारलं.

"भ्याले."

वर्गात कुणी हसलं नाही. बाहेर मोटारसायकल सुरू झाली आणि गेली. अंकिताबाईंनी फळ्यावर लिहिलं: श्रीमती बनुबाई, सरपंच, २६ नोव्हेंबर १९९७ पासून. पुढची तारीख त्यांनी लिहिली नाही. मुलांनी तसंच उतरवून घेतलं.

२६ डिसेंबरला मी, बनुबाई आणि वस्तीतली दहा माणसं एसटीने तालुक्याला गेलो. जबाब दिला, रोजनिशीच्या पानांच्या प्रती दिल्या, पोच घेतली. कारकुनाने दोनदा विचारलं, "आजी, हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून देताय?" मी दोनदा म्हटलं, माझ्या. सुनावणी दोन वेळा झाली. रेश्मा दोन्ही वेळा आली नाही. निकाल अजून नाही. अंकिताबाईंची बदली जूनमध्ये झाली, जतलाच, पार टोकाच्या गावाला. जाताना त्यांनी पुस्तिकेच्या पाच प्रती शाळेच्या कपाटात ठेवल्या आणि एक मला दिली. बनुबाईवर दोन पानं आहेत. नवीन शिक्षक ती शिकवतील की नाही हे मला माहीत नाही. दादासो रस्त्यात भेटले तर नमस्कार करतात. तो नमस्कार झाला की घरी येऊन मी दोन्ही दारांना कड्या लावते.

परवा मी वस्तीवर गेले होते. आता आठवड्यातून एकदा जाते. बोलत बसलो असताना ओढ्याकडून जेसीबीचा आवाज आला. कुणी कुणाला हाक मारली नाही. अकराही घरांतल्या बायका हातातलं काम टाकून बाहेर आल्या आणि आपापल्या दारापुढे उभ्या राहिल्या. कुणाच्या हातात लाटणं, कुणाच्या कडेवर मूल. बनुबाई सगळ्यांच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिने माझं मनगट धरलं. जेसीबी वळणावर आला, थांबला. ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी तरी फोनवर बोलला. मग पुन्हा चढला आणि कालव्याच्या रस्त्याने डावीकडे गेला.

बनुबाईने तो उसामागे दिसेनासा होईपर्यंत मनगट सोडलं नाही.

"आज न्हाई," ती म्हणाली, आणि भाकरी करपली म्हणून आत गेली.